करगा, पसहर आणि भाताचे जनुक

रायपूर शहराचा सर्वांत जुना भाग पुरानी बस्ती या नावाने ओळखला जातो. महामाया देवीचे मंदिर आणि जैतूसाव मठ याच वस्तीत आहेत. मराठी पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे उत्तरेकडील गणनेनुसार भाद्रपद कृष्ण षष्ठीला, येथील स्त्रिया मुलांच्या दीर्घायुष्यासाठी कमरछठचे व्रत करतात. नांगरलेल्या जमिनीत पिकलेले धान्य त्या दिवशी निषिद्ध असते. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात, त्याच जातीचा हा नियम होय. मात्र भाताच्या प्रदेशात भाताशिवाय पारणे कसे व्हावे? म्हणून त्या दिवशी पसहर नावाचा तांबूस तांदूळ शिजवतात. तो कोणी पेरीत नाही. तळ्यांच्या काठी व पाणथळ जागी तो आपोआप उगवतो, दाणे पिकताच गळू लागतात, आणि ते वेचून आणावे लागतात. बाजारात त्याचा भाव नेहमीच्या तांदळाच्या कितीतरी पट असतो.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पसहर हा रानभात होय. संस्कृत ग्रंथांतील नीवार तो हाच, आणि त्याच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी ‘ओरायझा निवारा’ असेच नाव दिलेले आहे. लागवडीच्या भाताचा हा जवळचा आप्त आहे. इतका जवळचा की दोघांचा संकर सहज होतो आणि त्यापासून झालेली संतती प्रजननक्षम असते. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. जनुकीय अभियांत्रिकीने घडविलेल्या पिकांवर शासनाचे नियंत्रण किती व कसे असावे या वादाला छत्तीसगढमध्ये जे वेगळे स्वरूप प्राप्त होते, त्याचे मूळ या संकरात आहे.

या संकराचे फळ शेतकऱ्याला दरवर्षी भोगावे लागते. रानभात व लागवडीचा भात यांच्या मिश्रणातून शेतात जे तण माजते त्याला छत्तीसगढी शेतकरी करगा म्हणतो. रोपावस्थेत करगा हुबेहूब भातासारखा दिसतो. लोंब्या आल्यावर तो ओळखू येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. कापणीपूर्वीच त्याचे दाणे जमिनीवर गळतात आणि तेथे सुप्तावस्थेत पडून राहतात. या प्रदेशात बी फेकून पेरण्याची आणि महिनाभराने उभ्या पिकात, साचलेल्या पाण्यात, हलका नांगर फिरवण्याची ‘बियासी’ नावाची पद्धत आहे. अशा शेतात रोपे ओळीत नसतात, त्यामुळे निंदणीच्या वेळी करगा हाती लागणे अधिकच कठीण होते. रायपूरच्या कृषी संशोधकांनी यावर एक मोठा मार्मिक उपाय काढला. त्यांनी ‘श्यामला’ नावाचा जांभळ्या पानांचा वाण तयार केला. शेतात श्यामला पेरला की जे रोप हिरवे दिसेल ते करगा समजून उपटून टाकावे! यासाठी कोणत्याही रसायनाची आवश्यकता नव्हती.

आता मूळ विषयाकडे वळू. पारंपरिक पैदाशीत एकाच जातीच्या किंवा निकटच्या जातींच्या वनस्पतींचा संकर करून इष्ट गुण निवडले जातात. जनुकीय अभियांत्रिकीत हे कुंपण उरत नाही. एखाद्या जीवाणूतील जनुक वेगळे काढून ते वनस्पतीच्या पेशीत बसवता येते आणि त्या एका पेशीपासून संपूर्ण रोप वाढवता येते. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीतील जीवाणूचे एक जनुक कापसात घातल्यावर कापसाचे झाड स्वतःच बोंडअळीला मारक असे प्रथिन निर्माण करू लागते. त्या जीवाणूच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हा कापूस बीटी म्हणून ओळखला जाऊ लागला. जालना येथील महिको या कंपनीच्या तीन संकरित वाणांना २६ मार्च २००२ रोजी भारतात प्रथम मान्यता मिळाली. त्यापूर्वी, २००१ मध्येच, गुजरातमध्ये विनापरवाना बीटी कापूस शेतात उभा असल्याचे उघडकीस आले होते. थोडक्यात, नियंत्रणाची यंत्रणा निर्णय देण्याआधीच बियाणे शेतापर्यंत पोहोचले होते.

या यंत्रणेचा पाया पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ हा असून त्याखालील नियम डिसेंबर १९८९ मध्ये अधिसूचित झाले. संशोधनसंस्थेची स्वतःची समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची समिती आणि सर्वांत वर पर्यावरण मंत्रालयातील समिती, अशी ही उतरंड आहे. या शेवटच्या समितीच्या नावात प्रारंभी ‘मान्यता’ हा शब्द होता. २०१० मध्ये तो बदलून त्याऐवजी ‘मूल्यांकन’ हा शब्द घातला गेला. शब्दाचा हा बदल लहान नाही. मान्यता देणे हेच समितीचे काम आहे, असा जुन्या नावाचा ध्वनी होता.

नामांतराला निमित्त झाले ते वांगे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी समितीने बीटी वांग्याच्या लागवडीची शिफारस केली. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ती तत्काळ न स्वीकारता जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये देशातील सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. त्यांपैकी एक नागपुरात झाली; रायपूरकरांना जवळची तीच होती. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणे-व्यापारी, वैद्य, ग्राहक अशा सर्वांना तेथे बोलण्याची मुभा होती, आणि सभा पुष्कळदा गोंगाटाच्या झाल्या. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी वांग्याची लागवड अनिश्चित काळापर्यंत स्थगित केली. शास्त्राचा निर्णय सभेत होत नसतो, अशी टीका यावर झाली. ती अर्धीच खरी आहे. एखादे प्रथिन उंदराच्या पचनसंस्थेत काय करते हा प्रयोगशाळेचा प्रश्न आहे. परंतु कोणता धोका कोणी पत्करावा आणि नुकसान झाल्यास ते कोणी भरावे, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही.

कापूस व वांगे यांच्या संदर्भात झालेली ही चर्चा भाताला जशीच्या तशी लागू करता येत नाही. भात हे मुख्यतः स्वपरागित पीक आहे. शेजारच्या शेतातील परागाने फलन होण्याचे प्रमाण साधारणपणे शंभरात एकाहूनही कमी असते. तंत्रज्ञानाचे समर्थक या आकड्यावर भर देतात, आणि तो चुकीचा नाही. पण शेताच्या बांधावर आणि प्रत्यक्ष शेतात रानभात उभा असेल तर इतके अल्प प्रमाणही पुरेसे ठरते. संकरित दाणा गळतो, जमिनीत राहतो, पुढील पावसाळ्यात उगवतो. आलेले जनुक त्या रोपाला उपयुक्त असेल तर ते टिकते व पसरते. तणनाशक सहन करण्याचा गुण हा असाच उपयुक्त गुण आहे. तो करग्यात शिरल्यास ज्या औषधाने करगा मारावयाचा, तेच औषध त्याच्यावर निष्प्रभ होईल.

हे केवळ तर्काने रचलेले भय नव्हे. अमेरिकेत २००२ मध्ये तणनाशक-सहनशील भात बाजारात आला आणि काही वर्षांतच तेथील तणभातात तो गुण आढळू लागला. या प्रकरणात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. तो भात जनुकीय अभियांत्रिकीने तयार केलेलाच नव्हता! भाताच्या स्वतःच्या जनुकात उत्परिवर्तन घडवून तो निर्माण केला होता. भारतातही २०२१ मध्ये पुसा बासमती १९७९ व १९८५ हे तणनाशक-सहनशील वाण याच मार्गाने आले, आणि त्यांना पर्यावरण मंत्रालयातील समितीपुढे जावे लागले नाही. आपला नियम पद्धती पाहतो, गुण पाहत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने व रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने किरणोत्साराच्या साह्याने सुवासिक दुबराज भाताचा बुटका, लवकर येणारा प्रकार घडवला. त्यालाही त्या समितीचे दार ठोठवावे लागले नाही. दुबराजाच्या बाबतीत याचे कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही. तणनाशक-सहनशीलतेच्या बाबतीत मात्र करग्याच्या शेतकऱ्याने काय म्हणावे?

या प्रदेशातील भाताचे वैविध्य किती आहे, हे कळण्यासाठी डॉ. राधेलाल रिछारिया (१९०९–१९९६) यांचे कार्य पाहावे लागते. कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक होते. परदेशी वाण रोगांची पुरेशी तपासणी न करता देशात आणण्यास त्यांनी विरोध केला आणि त्यापायी त्यांना ते पद गमवावे लागले. त्यानंतर १९७० च्या दशकात रायपूर येथे मध्य प्रदेश भात संशोधन संस्था उभी करून त्यांनी गावोगावचे सतरा हजारांहून अधिक नमुने गोळा केले. कोणता वाण उंच भाठा जमिनीत येतो, कोणता खोलगट बहरा जमिनीत पाण्यात उभा राहतो, कोणाला सुवास आहे, कोणाचा पोहा चांगला होतो, याच्या नोंदी त्यात होत्या. पुढे ती संस्था बंद करण्यात आली. गोव्याचे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी १९८६ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकातून ही कहाणी देशापुढे मांडली. संग्रह मात्र रायपुरातच राहिला आणि १९८७ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विश्वविद्यालयाकडे आला.

२००२ च्या अखेरीस हे विश्वविद्यालय व सिंजेंटा ही स्विस कंपनी यांच्यात या संग्रहाच्या उपयोगासंबंधी बोलणी चालू असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि रायपुरात असंतोषाचा भडका उडाला. शेतकरी संघटना, विद्यार्थी, पर्यावरण कार्यकर्ते रस्त्यावर आले. शेतकऱ्यांनी विश्वासाने दिलेल्या मूठ-मूठ बियाण्यावर स्वामित्व कोणाचे, हा त्यांचा प्रश्न होता. डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने माघार घेतली. योगायोग असा की जैवविविधता विधेयक संसदेने त्याच महिन्यात संमत केले. विरोध करणाऱ्यांच्या काही घोषणा अतिरंजित होत्या हे मान्य केले पाहिजे. पण तो गदारोळ झाला नसता तर कराराच्या अटी जनतेला कधी कळल्या असत्या, याविषयी शंकाच वाटते.

याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेल्या तणनाशक-सहनशील कापसाचे बी उघडपणे पेरले आणि आपणास अटक करावी असे आव्हान दिले. निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, हे त्यांचे म्हणणे वऱ्हाडात कोणीही नाकारणार नाही. बीटी कापसानेही सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीपासून खरोखर दिलासा दिला होता. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ मध्ये विदर्भात तिने हाहाकार माजवला. अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून साध्या कापसाच्या ओळी शेताभोवती लावण्याचा नियम होता. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बी त्यासाठीच दिले जाई. ते बहुतेकांनी पेरलेच नाही. पाच एकरवाल्याने आपल्या शेताचा पाचवा हिस्सा अळीसाठी सोडावा, ही अपेक्षा नियम करणाऱ्यांनी कोणत्या शेतकऱ्याला विचारून केली होती?

अन्नाच्या बाजूने पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो. भारतात जनुकीय बदल केलेले अन्नपीक व्यापारी लागवडीत नाही असे सांगितले जाते. परंतु बीटी कापसाच्या सरकीचे तेल स्वयंपाकात जाते आणि पेंड गुरांना घातली जाते. तेलात प्रथिन जवळजवळ नसते, त्यामुळे धोका मानला जात नाही. तथापि डब्यावरील मजकुरातून खाणाऱ्याला हे कळत नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ च्या बाविसाव्या कलमात अशा अन्नाचा उल्लेख आहे.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये, ज्या पिकांचे उगम वा वैविध्य भारतात आहे त्यांचे जनुकीय बदल केलेले वाण लागवडीसाठी प्रसारित करू नयेत, असे सुचवले होते. भात हा त्यात येतोच. २३ जुलै २०२४ रोजी जनुकीय मोहरीच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न झाले. परंतु केंद्र शासनाने सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण ठरवावे, यावर दोघांचेही एकमत होते.

मधल्या काळात विज्ञान पुढे गेले होते. बाहेरचे जनुक न घालता वनस्पतीच्या स्वतःच्या जनुकात नेमक्या जागी काटछाट करण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्र शासनाने अशा जनुक-संपादित वनस्पतींना, त्यांत परके जनुक उरले नसेल तर, १९८९ च्या नियमांतील मुख्य तरतुदींतून सूट दिली. ४ मे २०२५ रोजी त्या सवलतीखालील पहिले दोन भात जाहीर झाले. ‘कमला’ हा सांबा महसुरीपासून घडवलेला, लवकर पिकणारा वाण असून त्याच्या शिफारशीच्या राज्यांत छत्तीसगढ व महाराष्ट्र ही दोन्ही आहेत. दुसरा, पुसा डीएसटी-१, खारट जमिनीत तग धरणारा असून तो एमटीयू १०१० पासून तयार केला आहे. एमटीयू १०१० हा रायपूरच्या आसपास मोठ्या प्रमाणावर पेरला जातो. लवकर पिकण्याचा गुण रानभाताला लाभदायक ठरेल की मारक, हे बांधावर करगा उभा असलेल्या शेतातच, काही हंगाम निरीक्षण करून, ठरवता येण्यासारखे आहे.