गांडूळ मित्र, पण कुणाचा?

आजचा भाग वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय.

माझ्या मामाच्या शेतात गांडूळखताचे दोन बेड आहेत. ‘गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र’ हे वाक्य मी शाळेच्या पुस्तकाच्याही आधी त्याच्याकडून ऐकलं. त्यामुळे कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत मिनेसोटाला गेलो, तेव्हा तळ्याकाठची एक पाटी वाचून चक्रावलोच. ‘गळाला लावून उरलेली गांडुळं जंगलात टाकू नका.’ का बरं?

ते जंगल पानगळीचं, मुख्यतः शुगर मेपलचं. ही झाडं शरद ऋतूत पानांमधला बराचसा नायट्रोजन आधी खोडा-मुळांकडे ओढून घेतात आणि मग पानं गाळतात. तिथे थंडी एवढी, की पाचोळा पटकन कुजत नाही. बुरशी आणि जिवाणू त्याला सावकाश फोडतात. वर्षानुवर्षांची पानं साचून मऊ गादीसारखा थर होतो. हा थर म्हणजे जंगलाची एफडी समजा: मुद्दल जागेवर, व्याज थोडं थोडं.

या एफडीवर जगणारी मंडळी म्हणजे ट्रिलियमसारखी छोटी रानफुलं. बर्फ वितळल्यावर मेपलला पालवी फुटेपर्यंत काही आठवडेच ऊन जमिनीपर्यंत पोचतं. तेवढ्यात त्यांना वर्षाची कमाई उरकायची असते. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला ट्रिलियमला सात-आठ वर्षं तरी लागतात. घाई चालतच नाही.

आता गांडुळं. हिमयुगात या भागावर बर्फाचे प्रचंड थर होते. बर्फ हटून दहा हजारांहून जास्त वर्षं झाली, तरी गांडुळं तिथे परतली नव्हती. म्हणजे हे जंगल गांडुळांशिवायच घडलं. मग युरोपातून वस्ती करायला लोक आले. रोपांच्या मुळांना चिकटलेल्या मातीतून, जहाजात वजनासाठी भरलेल्या मातीतून गांडुळंही आली. पुढे मासेमारीमुळे ती तळ्यातळ्यापाशी पोचली. स्वतःहून ती वर्षाला जेमतेम पाच-दहा मीटर सरकतात. लांबचा प्रवास त्यांना आपणच घडवतो.

ती आली की काही वर्षांत पाचोळ्याची गादी फस्त. एफडी मोडली! पोषणद्रव्यं एकदम सुटतात आणि त्यातली बरीच पावसाबरोबर वाहून जातात. माती घट्ट होते, नाजूक मुळं उघडी पडतात. मेपलच्या रोपट्यांना रुजायला जागा उरत नाही, आणि जी थोडी रोपं तगतात त्यांच्यावर हरणं ताव मारतात. मी पाहिलेल्या एका भागात मोठी झाडं दिमाखात उभी होती, पण खाली नुसती माती. म्हातारे आहेत, पण घरात पोर नाही, असं वाटलं.

मग मामा चुकीचा? अजिबात नाही. शेतातली माती वेगळी, आपली हवा उष्ण, आणि आपल्याकडे देशी गांडुळं पूर्वीपासून आहेत. गंमत म्हणजे गांडूळखतासाठी सर्रास वापरतात ती आयसेनिया फेटिडा ही जातही मूळची युरोपातलीच! जीव तोच, जागा बदलली की हिशोब बदलतो.

एकदा शिरलेली गांडुळं जंगलातून काढायचा व्यवहार्य उपाय नाही. फक्त पुढचं जंगल वाचवता येतं. म्हणून ती पाटी. उरलेली गांडुळं कचऱ्याच्या डब्यात टाका, एवढंच तर म्हणणं आहे तिचं.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “पाव्हण्यानं यजमानाचं घर बघून जेवावं.”