हमसचा मऊपणा तेलातून येत नाही

“तेल कमी पडलं असणार, ताई. अजून ओता.” घरचा हमस खरखरीत झाला म्हणून कुणी तक्रार केली की हे उत्तर ठरलेलं असतं. भिवंडीत धामणकर नाक्यावर शवरमा-फलाफल खाऊन चटक लागलेली मंडळी हौसेने काबुली चणे भिजवतात, शिजवतात, मिक्सरला लावतात आणि हातात येतो रव्यासारखा गोळा. मग कुणीतरी तेलाचा सल्ला देतं. महागडी ऑलिव्ह तेलाची बाटली येते, निम्मी भांड्यात जाते, आणि हमस आता तेलकट, कडवट आणि तरीही खरखरीत होतो. शेवटी निकाल लागतो: हे हॉटेलवाल्यांचं काम, घरी जमत नाही.

या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. त्याने पैसे जातात, पदार्थ बिघडतो आणि चांगला स्वयंपाक करणाऱ्या बायका-पुरुषांना उगाच वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

वस्तुस्थिती अशी की चांगल्या हमसच्या मिश्रणात ऑलिव्ह तेल असायलाच हवं असं नाही. यावर विश्वास बसणार नाही म्हणून दाखला देते. योतम ओत्तोलेंगी आणि सामी तमिमी हे दोघेही जेरुसलेममध्ये वाढलेले, एक ज्यू आणि एक पॅलेस्टिनी. त्यांच्या 2012 सालच्या ‘जेरुसलेम’ या पुस्तकातली हमसची कृती बघा: 250 ग्रॅम सुके चणे, एक चमचा खायचा सोडा, 270 ग्रॅम ताहिनी म्हणजे तिळाची पेस्ट, लिंबाचा रस, लसूण, मीठ आणि 100 मिलिलिटर बर्फगार पाणी. मिक्सरमध्ये तेलाचा थेंब नाही. तेल येतं ते शेवटी, हमस ताटलीत पसरल्यावर वरून. उलट एक्स्ट्रा व्हर्जिन तेल मिक्सरच्या पात्यांखाली वेगाने फिरलं की त्यातली कडवट द्रव्यं मोकळी होऊन चव बिघडते. म्हणजे ज्याला उपाय म्हणून ओतलं, त्यानेच कडूपणा येतो.

मग खरखर येते कुठून? शिजलेला एक चणा चिमटीत धरा आणि हलकेच दाबा. बाहेरचं पातळ, पारदर्शक साल सुटून एका बोटाला चिकटेल आणि दाणा दुसऱ्या बोटावर राहील. आता दाणा दोन बोटांत चोळा. नीट शिजला असेल तर कण लागणार नाही, नुसती मऊ पेस्ट पसरेल. मध्ये पांढरा, कडक ठिपका लागला तर तो कच्चा आहे. नंतर तेच साल चोळून बघा. ते चुरडत नाही, फक्त गोळा होतं. मिक्सर त्याचे बारीक तुकडे करतो, पीठ करू शकत नाही, आणि हेच तुकडे जिभेला लागतात. तेल ओतल्याने ते तुकडे तेलकट होतात, एवढंच.

तेव्हा काम आहे साल घालवण्याचं आणि दाणा पूर्ण शिजवण्याचं. चण्याच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल तर ते पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात. बोअरच्या जड पाण्यात चणे शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही टणक राहतात ते यामुळे. भिवंडीतलं पद्मानगर-कामतघरच काय, कुठल्याही भागात ज्यांना एका आठवड्यात चणे झटकन शिजल्याचा आणि दुसऱ्या आठवड्यात न शिजल्याचा अनुभव येतो, त्यांनी दुकानदाराला बोल लावण्याआधी पाणी नळाचं होतं की बोअरचं, हे आठवून बघावं. जुना, वर्ष-दोन वर्षं गोदामात पडलेला चणाही असाच हट्टी होतो, हे मात्र खरं.

खायचा सोडा पाणी अल्कधर्मी करतो आणि अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर सुटतं. रात्रभर भिजवलेले चणे निथळून घ्या. रुंद पातेल्यात गॅसवर ठेवून त्यावर एक चहाचा चमचा सोडा टाका आणि दोन-तीन मिनिटं परता. सोडा सालावर घासला जातो. मग भरपूर पाणी घालून उकळा. थोड्या वेळाने वर फेस आणि सालं तरंगू लागतात, ती झाऱ्याने काढून टाका. चणा बोटाने सहज चिरडला जाईपर्यंत, अगदी मोडायच्या बेताला येईपर्यंत शिजू द्या. नव्या चण्याला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, जुन्याला जास्त. कुकरच वापरायचा असेल तर तो निम्म्याहून जास्त भरू नका, कारण फेसाबरोबर साल वर येऊन शिट्टीत अडकू शकतं.

इथे दुसरा आक्षेप येतो: सोड्याने सगळं सत्त्व मरतं. ‘सगळं’ हा शब्द चुकीचा आहे. अल्कधर्मी पाण्यात थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व, खरोखर कमी होतं. प्रथिनं, तंतू, लोह जागेवर असतात. ज्यांना रक्तदाबामुळे सोडियम मोजून खावं लागतं त्यांनी शिजलेले चणे धुऊन घ्यावेत, किंवा सोडा अजिबात न वापरता शिजल्यावर थंड पाण्यात हाताने चोळून सालं काढावीत. वेळ जातो, पण हमस तितकाच मऊ होतो. आणि ज्यांना एवढंही नको, त्यांनी हरभऱ्याची डाळ शिजवून घ्यावी. तिला सालच नसतं. चव निराळी येते, थोडी पुरणाच्या अंगाने जाणारी, पण खरखर शून्य.

आता ताहिनी. खरा मऊपणा आणि तो पांढरट रंग हिच्यामुळे येतो. पॉलिश केलेले पांढरे तीळ मंद आचेवर रंग न बदलता गरम करा. चटणीच्या भांड्यात फिरवत राहा, मध्येमध्ये थांबून कडा खाली ओढा. आधी कूट होतं आणि नव्वद टक्के लोक इथेच थांबतात. थांबू नका. आणखी फिरवलं की तिळाचं स्वतःचं तेल सुटतं आणि कुटाची वाहती पेस्ट होते. सालासकट तीळ घेतले तर ती कडू लागते, म्हणून पॉलिशचेच घ्या.

या पेस्टमध्ये लिंबाचा रस आणि चमचाभर पाणी घातलं की ती एकदम घट्ट होऊन गोळा धरते. इथेच लोक घाबरतात आणि पुन्हा तेलाकडे हात जातो. तसं करू नका. तिळाचे कण तेलात तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की ते एकमेकांना चिकटतात. आणखी गार पाणी चमचा-चमचा घालत फेटलं की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळतं, गोळा सैल होतो आणि रंग मातकट बदामी होता तो डोळ्यांदेखत पांढरा होतो. पांढरेपणासाठी दही-मलई घालण्याची गरज नाही, ती यामुळेच. मग कोमट चणे, लसूण, मीठ घालून चार-पाच मिनिटं फिरवा. चणे गार करून वाटले तर त्यातला स्टार्च आवळतो आणि हमस जाड होतो.

तिखट हमसकडे वळू. “मिरची घातली की तो अस्सल नाही राहत,” असं सांगणारे भेटतात. मिरची अमेरिका खंडातून जगभर पसरली ती 1492 नंतर, तेव्हा मूळ पदार्थात ती नसणारच. पण आज लेव्हंटमध्ये, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंबू, लसूण आणि हिरव्या मिरचीची ततबिला हमसवर ओततात, पॅलेस्टाइनमध्ये शत्ता ही मिरचीची चटणी असते, येमेनी ज्यूंनी इस्रायलमध्ये नेलेली झुग ही तिखट चटणी असते. मग भिवंडीत आगरी मसाल्याचा हमस का नसावा? या तालुक्यात उन्हाळ्यात घरोघरी मिरच्या वाळतात आणि कांडपावरून वर्षाचा मसाला येतो. घराघरांत प्रमाण वेगळं, तरी दोन-तीन जातींच्या मिरच्या, धणे आणि खडा मसाला असतोच. चण्याला तो छान धरतो.

फक्त तो मिक्सरच्या भांड्यात कोरडा टाकू नका. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि लाल रंगाची द्रव्यं पाण्यात नाही, तेलात विरघळतात. कोरडा मसाला थेट मिसळला तर हमस विटकरी दिसतो, कच्चट लागतो आणि मेहनतीने घालवलेली खरखर परत येते. तीन मोठे चमचे घाण्याचं शेंगदाणा तेल तापवा, लसणाचे काप सोनेरी करा, गॅस बंद करा, अर्धं मिनिट थांबा आणि मग दीड चहाचा चमचा मसाला घाला. तेल लगेच लाल होतं. उकळत्या तेलात घातला तर मसाला जळून काळा आणि कडू होईल. हमस ताटलीत पसरून चमच्याने मध्ये खळगा करा आणि फोडणी त्यात ओता. तेलाची जागा इथे, वर. भाकरीच्या तुकड्याने दोन्ही एकत्र उचललं की आधी तिखट आणि मागून तिळाचा गुळमटपणा येतो.

“लाल दिसतोय म्हणजे जहाल असणार” हाही तसाच समज. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी, जिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं, गडद लाल असते आणि तिखटाला सौम्य. रंग आणि तिखटपणा ही वेगवेगळी द्रव्यं आहेत. तिखटपणा बियांतही नसतो, तो मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतो आणि बियांना नुसता लागतो. मुलांसाठी करायचा तर शिरा काढलेल्या ब्याडगीचं तिखट वापरा.

तिखटाने अल्सर होतो, हे वाक्य तर आता बंद व्हायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं की बहुतेक पेप्टिक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. मार्शल यांनी 1984 साली तो स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली आणि दोघांना 2005 साली नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण वेदनाशामक गोळ्या. ज्याला आधीच अल्सर किंवा आम्लपित्त आहे त्याला तिखटाने जळजळ वाढू शकते, त्याने जपावं. पण पोट दुखत असताना “मिरची बंद केली, होईल बरं” म्हणत तपासणी टाळणं धोक्याचं आहे.

आणखी काही ऐकू येतं, त्याचा थोडक्यात निकाल लावते. भिजवताना मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही: उलट सालातल्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतं आणि ते मऊ होतं, अडवतं ते लिंबू, चिंच, टोमॅटोचं आम्ल. तिखट लागलं की पाणी प्यावं: पाण्यात कॅप्सेसिन विरघळत नाही, दूध किंवा दही घ्या. हमस म्हणजे प्रथिनांचा खजिना, कितीही खा: अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार विकतच्या 100 ग्रॅम हमसमध्ये जेमतेम 8 ग्रॅम प्रथिनं आणि त्याच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश असतो.

एक समज मात्र ओळीत संपवण्यासारखा नाही, कारण तो आजारी पाडतो: वर तेलाचा थर दिला की हमस लोणच्यासारखा बाहेर टिकतो. लोणच्यात भरपूर मीठ आणि आम्ल असतं, हमसमध्ये दोन्ही बेताचं. तेलाचा थर फक्त हवा अडवतो, आणि बोट्युलिझम या विषबाधेचा जिवाणू वाढतो तो हवा नसलेल्याच जागी. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणंही याच कारणाने वाईट. तयार हमस दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवा, आणि 32 अंशांच्या वर पारा असेल, म्हणजे भिवंडीचा एप्रिल-मे, तर तासाभरात. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. फोडणी रोज लागेल तेवढीच ताजी करावी. आणि पाहुण्यांसमोर ठेवण्याआधी यात तीळ आहेत हे सांगावं. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती जिवावर बेतू शकते, अमेरिकेत तर 1 जानेवारी 2023 पासून वेष्टनावर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे. हमसमध्ये तीळ नुसते बघून ओळखू येत नाहीत.