सायकलची सीट मऊ नको, मापाची हवी

मुंबईतल्या देवनार, गोवंडी, शिवाजीनगर या पट्ट्यात सायकल हौसेपेक्षा पोटासाठी जास्त चालते. पाव पोचवणारे, दूध घालणारे, भंगार गोळा करणारे तासन्‌तास तिच्यावर असतात. बसायला त्रास झाला की सीटवर फोम किंवा जेलचं कव्हर चढवायचं, हा सर्वांचा ठरलेला उपाय. पण सीट टोचते ती कडक असल्यामुळे कमी आणि मापाची नसल्यामुळे जास्त. बसताना शरीराचा भार कमरेच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांनी पेलायला हवा. त्यांच्या मधल्या नाजूक भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. सीट अरुंद असली की हाडांना आधार मिळत नाही, भार मध्ये येतो आणि जांघेत मुंग्या येतात. ती फार रुंद असली तर मांड्या घासतात. जाड फोममध्ये हाडं रुततात आणि मधला फोम फुगून नेमक्या नाजूक जागी दाबतो. म्हणूनच दुकानात छान वाटलेली गुबगुबीत सीट तासाभराने नकोशी होते.

माप ठरतं ते बसण्याच्या ढबीवरूनही. जुन्या काळ्या सायकलवर पाठ ताठ राहते, सगळा भार मागे पडतो. तिला स्प्रिंगची रुंद सीट योग्यच आहे. हँडल खाली असलेल्या सायकलवर माणूस पुढे वाकतो, कंबर पुढे कलते. तिथे अरुंद, मधे खाच असलेली सीट बरी पडते. बायकांमध्ये या हाडांतलं अंतर सरासरीने अधिक असतं, पण सरासरीवरून कोणा एकीची सीट ठरत नाही.

‘सवय झाली की दुखायचं थांबतं’ असं अनुभवी लोक सांगतात. नव्या सायकलस्वाराच्या स्नायूंचं दुखणं खरोखरच काही दिवसांत ओसरतं. बधिरपणाचं मात्र तसं नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना सहा महिने पुढचं टोक नसलेली सीट वापरायला दिली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नाजूक भागावरचा दाब 66 टक्क्यांनी घटलेला आढळला, बधिरपणाच्या तक्रारीही कमी झाल्या. ही माणसं नवखी नव्हती; सवयीने जे सुटलं नाही ते आकार बदलल्यावर सुटलं. अर्थात, वळताना मांड्यांनी तोल सावरायला ते टोक उपयोगी पडतं, त्यामुळे अशी सीट सरसकट सर्वांना मानवेल असं नाही.

रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला हे परवडायचं कसं, हा आक्षेप रास्त आहे. पण माप घ्यायला खर्च नाही. कठीण स्टुलावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवून, पाय थोडे उंचावर टेकवून, जरा पुढे वाकून बसावं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजावं आणि सीटचा मागचा, टेकायचा भाग त्याहून थोडा रुंद घ्यावा. सीट बदलणं शक्य नसेल तर पाना हाती घ्यावा. टोक वर झालं असेल तर सीट सपाट करावी. फार खाली झुकवली तर मात्र अंग पुढे घसरून मनगटांवर भार येतो. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच उंची ठेवावी, नाहीतर कंबर डावी-उजवीकडे हलून कातडी सोलवटते. पायाचं माप घेतल्याशिवाय कोणी बूट विकत नाही. सायकल विकणाऱ्यानेही सीटचं माप घ्यावं, आणि कामगाराला सायकल देणाऱ्या मालकाने तो खर्च आपला मानावा.