यादीतले राहिलेले

मराठीच्या प्राध्यापकाला ज्ञानेश्वरीतल्या ओव्या पाठ असाव्यात आणि घरापासून किराणा दुकानापर्यंत त्याला ‘पोहे, जिरे, चहा’ ही तीन नावे सांभाळता येऊ नयेत, हे कोडे आमच्या सौभाग्यवतीला लग्नापासून सुटलेले नाही. परवाचीच गोष्ट. दिवाळीचा बाजार करून मी यवतमाळच्या गर्दीतून घामाघूम घरी आलो. तेरापैकी बारा जिन्नस पिशवीतून निघाले.

“आणि जिरे?”

“राहिलेच की!”

अशा वेळी विद्वान माणूस शास्त्राचा आधार घेतो. मी म्हणालो, “हे बघ, एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरते. पुढे १९५६ साली मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहिले, की माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात साधारण सात गोष्टी मावतात. दोन कमी किंवा दोन जास्त. त्यातही यादीतल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टी टिकतात, मधल्या गळतात. जिरे मधोमध होते!”

“मग फोडणी त्या मिलरसाहेबांनाच द्यायला सांगा,” ती म्हणाली.

वास्तविक ‘यादी’ हा शब्दच फारसीतल्या ‘याद’वरून आला आहे. म्हणजे यादी ही कागदावर उतरवून ठेवलेली आठवण. आता ती मोबाइलवर येते, एवढाच फरक. मोबाइल पाहायचे विसरण्याची सोय कायम आहे. शिवाय आमची सौ. पुण्याकडची. तिच्या यादीत कोथिंबीर असते आणि आमच्या बाजारात सांबार असतो. नवी नवरी म्हणून ती पहिल्यांदा भाजीबाजारात गेली, तेव्हा भाजीवाली म्हणाली, “सांबार घ्या, ताई.” ही बिचारी इडली कुठे दिसते का, ते पाहत राहिली!

माझ्या आईला मात्र यादी कधी लागलीच नाही. ती मनातल्या मनात स्वयंपाक करते. तेल तापले, मोहरी तडतडली, जिरे पडले, हळद, तिखट, मीठ... हात जिथे अडेल तो जिन्नस संपलेला! तिची मापेही जुनीच. मेट्रिक वजने देशात १९५८ सालापासून येऊ लागली आणि ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमांचा शेर मोडीत निघाला. पण आई अजून पावशेरच मागते आणि दुकानदार मुकाट्याने अडीचशे ग्रॅम तोलून देतो. वजन गेले, शब्द राहिला.

आमचा जिऱ्यांचा वाद ती दाराशी बसून ऐकत होती. मी हसत म्हटले, “आई, हा विसराळूपणा बाबांकडून आला बरं का.”

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून बाबा बाजाराला जात. तिन्हीसांजेला परतले, की पिशवी खाली ठेवून कपाळावर हात मारत, “साखर त इसरलोच वो!” आई म्हणे, “असू द्या, गूळ हाये घरात.” दिवाळीला तर हे हमखास ठरलेले. करंज्या गुळाच्या होत. आम्ही पोरे बाबांच्या विसराळूपणाला खूप हसत असू.

आई हसली नाही. म्हणाली, “तुहे बाबा कधी काही इसरत नव्हते, बाबू. कापूस वेचून घरात पडे, पण चुकारा हाती याले दिवाळी उलटून जाय. पैसे सरले की ते इसरत. अन् पाहाय, तुही वही, पेन्सिल कधी इसरले का?”

मी आठवून पाहिले. वही कधीच राहिली नव्हती. राहत होती ती साखर, चहापत्ती आणि बाबांच्या नव्या चपला. त्या तर सलग तीन वर्षे ‘राहिल्या’ होत्या.

“तुला माहीत होते?”

“माहीत नाही त काय? म्हणून त मी गूळ पह्यलेच भरून ठेवो.”

एकाने विसरल्याचे सोंग करायचे आणि दुसरीने ते खरे मानल्याचे! आणि मी त्या सोंगाला वारसा समजून एबिंगहाउसाची साक्ष काढत होतो. वाचकहो, खिशात पैसे असताना खरोखर विसरणे ही केवढी चैन आहे, हे मला पंचेचाळिशीत कळले.

मी चपला घातल्या आणि पुन्हा बाहेर पडलो. दुकानातून जिरे घेतले. पाय निघेना, म्हणून आणखी एक पुडी बांधून घेतली. घरी येताच सौ.ने ती उघडली.

“ही पावशेर साखर कशाला? डबा भरलेला आहे. यादीतही नव्हती.”

आईने एकदा माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली.

“राहिली होती,” मी म्हणालो.