गिरणीच्या यंत्रांचा सातबारा

कवी माणूस हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काय बोलणार, असे तुमच्या मनात येईल. शंका रास्त आहे. मी बी.ए. झालो तो मराठी साहित्य घेऊन. वाणिज्य शाखेच्या वर्गाची पायरीही कधी चढलो नाही. पण कवितेने पोट भरत नाही. म्हणून भाच्याच्या राईस मिलमध्ये रोज संध्याकाळी दोन तास वह्या लिहीत आलो. त्या दोन तासांत जे शिकलो, आणि जे ठेच लागल्यावर कळले, तेच सांगतो.

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, धरणांतून पाणी सुटले आणि वैनगंगेला मोठा पूर आला. भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. भाच्याच्या गिरणीतही कमरेइतके पाणी होते. विमा उतरवलेला होता, म्हणून धीर होता. सर्वेक्षक आले. माणूस सभ्य. त्यांनी एवढेच विचारले, "कोणकोणती यंत्रे होती? कधी घेतली? केवढ्याला? नंबर काय?"

आमच्या ताळेबंदात एकच ओळ होती, 'प्लँट अँड मशिनरी', आणि तिच्यापुढे एक आकडा. त्या आकड्यात काय काय आहे, याची यादी कुठेच नव्हती. बिलांची फाइल कपाटाच्या खालच्या कप्प्यात, संगणक टेबलाखाली आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. तिन्ही पाण्यात गेले. पुढे कळले की चार वर्षांपूर्वी भंगारात विकलेला पॉलिशरही त्या आकड्यात तसाच बसलेला होता. ज्या यंत्रांचा पुरावा जमवता आला, त्यांचेच पैसे मिळाले. चूक आमचीच होती. भाचा म्हणाला, "मामू, जमिनीचा सातबारा असतो, मग यंत्रांचा का नाही?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच स्थिर मालमत्तेची नोंदवही. स्थिर मालमत्ता म्हणजे काय, हे मला फार पूर्वी अब्बांनी शिकवले होते. त्यांचे पितळी भांड्यांचे लहानसे दुकान होते. जकात काढायची वेळ आली की ते विक्रीचा माल मोजत, गल्ला मोजत. पण तराजू आणि कपाट मोजत नसत. मी कारण विचारले, तर म्हणाले, "तराजू विकायला आणलेला नाही, त्यावर तोलून विकायचं असतं." जे विकायचे तो माल, ज्याच्या आधाराने वर्षानुवर्षे धंदा चालतो ती स्थिर मालमत्ता.

गिरणीत हा फरक रोज करावा लागतो. शेलर ही मालमत्ता. पण त्यातले रबर रोल धान भरडता भरडता झिजतात आणि बदलावे लागतात, तो खर्च. मोटर नवी घेतली तर मालमत्ता, रिवाइंडिंग केली तर दुरुस्ती. कोणतेही सॉफ्टवेअर हा निर्णय तुमच्यासाठी घेणार नाही. तो माणसालाच घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. समजा डिसेंबरमध्ये २० लाखांचे यंत्र बसवले. आयकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रांचा घसारा शिल्लक किमतीवर १५ टक्के, म्हणजे वर्षाचे ३ लाख. पण पहिल्या वर्षी यंत्राचा वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला, तर निम्माच, म्हणजे दीड लाख. डिसेंबर ते मार्च हे दिवस १८० भरत नाहीत. म्हणून नोंदीत बिलाची तारीख पुरत नाही. यंत्र प्रत्यक्ष सुरू कधी झाले, ती तारीख हवी. संगणकाचा दर वेगळा, ४० टक्के. आयकर प्रत्येक यंत्राचा सुटा विचार करत नाही, एका दराच्या यंत्रांचा एक गट धरतो. जुने यंत्र विकले की मिळालेली रक्कम त्या गटातून वजा होते.

तुमचा धंदा खासगी कंपनी असेल, तर कंपनी कायदा २०१३ चा हिशेब निराळा. तिथे यंत्राचे आयुष्य पाहतात. सर्वसाधारण यंत्राचे १५ वर्षे धरतात आणि शेवटी बहुधा ५ टक्के किंमत उरते असे मानतात. समान हप्त्याने तेच २० लाखांचे यंत्र वर्षाला सुमारे १ लाख २६ हजार रुपयांनी उतरते. म्हणजे एकाच यंत्राच्या दोन किमती. विम्यासाठी या दोन्ही कामाच्या नाहीत. तसेच नवे यंत्र आज केवढ्याला येईल, हे पाहूनच विम्याची रक्कम ठरवायला हवी. आम्ही ती वहीतल्या किमतीवरून ठरवली होती, तिथेही फसलो.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. आपल्याकडे हिशेबाचे सॉफ्टवेअर म्हटले की टॅलीचे नाव निघते. त्याची कथा आपल्या जवळची आहे. गिरण्यांना सुटे भाग पुरवणारे श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याला साजेसे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचा मुलगा भरत याने ते लिहिले. १९८६ मध्ये त्यांची कंपनी निघाली. थोडक्यात, गरज आधी होती, सॉफ्टवेअर नंतर आले. आपण मात्र उलटे करतो. शेजाऱ्याने घेतले म्हणून घेतो आणि मग ते कशासाठी वापरायचे, याचा विचार करतो.

आम्ही या वेळी आधी कागदावर प्रश्न लिहिले. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र नोंद होते का? बिलाचा फोटो, नंबर आणि जागा तिला जोडता येते का? आयकराचा आणि कंपनी कायद्याचा घसारा शेजारी शेजारी निघतो का? यंत्राचा एखादाच भाग विकला तर काय होते? अनुदान मिळाले तर ते किमतीतून वजा करता येते का? जीएसटीचे क्रेडिट घेतलेली रक्कम किमतीतून बाजूला राहते का? त्या रकमेवर घसारा मिळत नाही, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का? उद्या सॉफ्टवेअर बदलायचे ठरले, तर आपली माहिती अडकून पडता कामा नये.

कंपन्यांसाठी आणखी एक प्रश्न आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे, आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. भागीदारी किंवा एकट्याच्या धंद्याला तो लागू नाही. पण कोणी काय खोडले ते कळणे कोणाच्याही हिताचेच.

विक्रेता दाखवतो तो नमुना नेहमी गोंडस असतो. आम्ही त्याला आमच्याच दहा नोंदी दिल्या. त्यांत डिसेंबरचे यंत्र होते, भंगारातला पॉलिशरही होता. एका सॉफ्टवेअरने अर्ध्या वर्षाचा घसारा पूर्ण धरला. ते तिथेच बाद झाले. मगच वार्षिक नूतनीकरणाचे पैसे किती, इंटरनेट गेले तर काय, आणि अडचण आली तर माणूस भंडाऱ्यात येईल की फोनवरच राहील, हे विचारले.

आर्थिक नियोजनाचेही तसेच. गिरणीचा पैसा ऋतूबरोबर चालतो. खरिपाचे धान दिवाळीच्या आसपास येऊ लागते, उन्हाळी धान मे-जूनमध्ये. सरकारी धानाच्या भरडाईत एका क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो आणि भरडाईचे पैसे हातात पडायला वेळ लागतो. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. म्हणून महिन्यावार किती येणार, किती जाणार, हे दाखवणारा तक्ता हवा. शिवाय 'पैसे दोन महिने उशिरा आले तर?' असे विचारल्यावर उत्तर देणारा हवा. नवा सॉर्टेक्स यंदा घ्यायचा की पुढच्या वर्षी, हे त्या तक्त्यावरूनच ठरते.

सगळ्यांनाच सॉफ्टवेअर लागते असे मुळीच नाही. एक भट्टी आणि एक लेथ असलेल्या पितळी भांड्यांच्या कारागिराला शंभर पानी वही पुरते. मात्र ती वही हवी, तिची नक्कल दुसऱ्या घरी हवी, आणि घसाऱ्याचे दर दरवर्षी आपल्या सीएकडून तपासून घ्यायला हवेत.

गेल्या मार्चअखेरीस भाचा आणि मी छापील यादी घेऊन गिरणीभर फिरलो. एकेका यंत्रावर खडूने खूण करत गेलो. यादीत ४१ नोंदी, जागेवर ४० यंत्रे. एक मोटर सापडेना. शोधता शोधता कळले, ती सात महिन्यांपासून रिवाइंडिंगवाल्याकडे दुरुस्त होऊन पडली होती. आणि आम्ही त्याच आठवड्यात नवी घ्यायला निघालो होतो.