सोडा आणि चुना

लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम आणि फ्रान्सियम हे अल्क धातू. आवर्तसारणीत त्यांच्या शेजारी बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम हे अल्कधर्मी मृदा धातू येतात. पहिल्या गणातल्या अणूंच्या बाह्यतम कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, दुसऱ्यात दोन. ते सहज दिले जात असल्यामुळे हे धातू निसर्गात कधीच सुटे सापडत नाहीत. हम्फ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. कॅल्शियम पुढच्याच वर्षी मिळाले.

सोडियम चाकूने कापता येते. कापलेला चकचकीत भाग हवेत बघता बघता काळवंडतो, म्हणून ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. पाण्यात टाकल्यास हायड्रोजन सुटतो आणि दाहक सोडा तयार होतो. कॅल्शियमची हीच क्रिया सौम्य असते. मॅग्नेशियमवर तर थंड पाण्याचा जवळजवळ परिणाम होत नाही. बेरिलियमची वागणूक मात्र बरीचशी ॲल्युमिनियमसारखी असते.

शाळेतला सोडियमचा भडका सर्वांच्या लक्षात राहतो. तरीही या दोन गणांतला खरा महत्त्वाचा फरक त्यांच्या कार्बोनेटांत दिसतो. सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, पाण्यात सहज विरघळतो आणि तापवल्यावर विघटन न होता वितळतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातून पाणी बाहेर वाहून जात नाही, त्याची फक्त वाफ होते. मागे राहिलेल्या सोडियमच्या कार्बोनेट व बायकार्बोनेटमुळे तिथले पाणी अल्कधर्मी झाले आहे.

कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला तिचे विघटन होते: 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, प्रचंड उष्णता बाहेर पडते आणि विरलेला चुना मिळतो. पानाला लावतात तो हाच. जुन्या बांधकामांसाठी तो वाळूबरोबर बैलांच्या घाण्यात मळला जाई. अनेक गडांवर अशा घाण्यांचे अवशेष आजही आहेत. भिंतीतला हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. भट्टीत गेलेला वायू असा परत मिळाल्यानेच चुन्याचे बांधकाम वर्षानुवर्षे घट्ट होत जाते.

कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी चुनखडीवरून वाहिले की कॅल्शियम बायकार्बोनेट बनते, आणि हे मात्र विरघळते. विहिरीच्या जड पाण्यात ते असते. पाणी उकळले की त्याचे पुन्हा कार्बोनेट होऊन भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. कॅल्शियम सल्फेटमुळे आलेला जडपणा उकळून जात नाही. अशा पाण्यात धुण्याचा सोडा घातल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा साका खाली बसतो, सोडियम सल्फेट विरघळलेले राहते आणि साबणाला फेस येऊ लागतो.