कारखाना कोयलीत, फायदा कोणत्या गावात?

मोठा कारखाना आला की भागाचं सोनं होतं, असं पुढारी सांगतात. जमीन-पाणी जातं, असं गावकरी सांगतात. दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढची गावं वेगळी असतात. हे कसं घडतं ते समजून घ्यायला बडोद्याच्या वायव्येची कोयली रिफायनरी सोयीची आहे. तिथं आश्वासनांचा काळ केव्हाच संपला, आता हिशेब मांडता येतो.

१९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाशी रिफायनरीसाठी करार झाला, मे १९६३ मध्ये नेहरूंनी कोयलीत पायाभरणी केली आणि १९६५ च्या ऑक्टोबरात उत्पादन सुरू झालं. सुरुवातीची आखणी वर्षाला २० लाख टनांची होती. पुढं क्षमता १ कोटी ३७ लाख टनांवर गेली.

अशा प्रकल्पातून पैसा सर्वांत आधी पाझरतो तो बांधकामातून. गवंडी, वेल्डर, ट्रकवाले येतात, खोल्या भाड्यानं जातात, खानावळी चालतात. ही भरती खरी, पण काही वर्षांची. प्रकल्पाच्या जाहिरातीतला रोजगाराचा आकडा वाचताना त्यात बांधकामावरची माणसं किती धरली आहेत, ते आधी पाहावं.

कारखाना चालू झाला की माणसं कमी लागतात. तेल नळ्यांतून वाहतं आणि नियंत्रण कक्षातली पाळी त्यावर लक्ष ठेवते. क्षमता सातपट झाली म्हणून नोकऱ्या सातपट होत नाहीत. अधिकाऱ्यांची भरती देशभरातून होते. आसपासच्या पोरांच्या वाट्याला बहुधा ठेकेदाराकडचं काम येतं, तेही ‘शटडाऊन’ असला की जास्त. दुरुस्तीसाठी यंत्रं थांबवतात, तेव्हा फिटर आणि रिगर यांना एकदम मागणी येते. काम संपलं की पुढच्या शटडाऊनची वाट पाहायची.

मग बडोदा वाढलं कशानं? त्या कारखान्याला जोडून उभ्या राहिलेल्या धंद्यांनी. शेजारी खतांची जीएसएफसी होती. १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. रिफायनरीतून निघणारा नाफ्था तापवून फोडला की इथिलीन, प्रोपिलीन मिळतं, त्यांचे प्लास्टिकचे दाणे होतात आणि दाण्यांपासून पाइप, पिशव्या, डबे. दुसऱ्या बाजूला या सगळ्या कारखान्यांना टाक्या, व्हॉल्व्ह, उष्णता-विनिमयाची यंत्रं लागतात. ती बनवणारी वर्कशॉपं मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतींत वाढली. पक्का रोजगार बराचसा इथं आहे.

ही साखळी आपोआप जुळलेली नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली होती. १९०७ मध्ये अलेंबिक ही रसायनांची कंपनी निघाली, १९४९ मध्ये विद्यापीठ झालं. रिफायनरी आली तेव्हा रसायन जाणणारी आणि लेथ चालवणारी माणसं शहरात आधीच होती. जिथं अशी तयारी नसते, तिथं जोडधंदा दूरच्या शहरातच राहतो आणि गावाकडं फक्त चिमणी दिसते. साखळी किती स्थानिक राहते, याच्याशी मालकीचाही संबंध आहे. २००२ मध्ये आयपीसीएलची सूत्रं सरकारनं रिलायन्सला विकली. त्यानंतर मोठे निर्णय मुंबईत होऊ लागले.

करांचा मार्गही उलगडून पाहावा. पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क केंद्राकडे जातं. व्हॅट मुख्यतः इंधन विकलं जातं त्या राज्याला मिळतो. प्लास्टिकच्या दाण्यांवरच्या जीएसटीतला राज्याचा वाटाही माल जिथं खपतो तिकडं जातो. जीएसएफसी आणि पेट्रोकेमिकल संकुल तर जनगणनेत स्वतंत्र ‘औद्योगिक अधिसूचित क्षेत्रं’ म्हणून नोंदलेली आहेत, ती शेजारच्या पंचायतीत मोडत नाहीत. नफ्यातल्या मोठ्या कंपनीला २०१३ च्या कायद्याप्रमाणे सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं असतं. पण कुठली शाळा, कुठला रस्ता, हे कंपनी ठरवते. हक्काचा कर आणि हा खर्च यांत हाच फरक आहे.

आता सांडपाणी. या पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी वाहून नेण्यासाठी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा वापरात आहे. तो पादरा तालुक्यातून जातो आणि जंबुसर तालुक्यात सारोदजवळ मही नदीच्या मुखाशी, खंभातच्या आखाताकडं रिकामा होतो. कालव्याकाठच्या गावांत विहिरी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. जंबुसर भरूच जिल्ह्यात येतं, म्हणजे बडोदा जिल्ह्याचा ताळेबंद मांडला तर कालव्याचं शेवटचं टोक त्यात सापडणारच नाही. औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध गुजरातेतल्या पर्यावरण सुरक्षा समितीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. प्रक्रियेची यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही, असा निकाल फेब्रुवारी २०१७ मध्ये लागला. सांडपाण्यासारखाच अपघाताचा धोकाही सगळ्यांना सारखा नसतो. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीत टाकीला आग लागून दोघांचा जीव गेला. असा धोका सर्वांत आधी कामगारांना आणि कुंपणालगतच्या वस्त्यांना असतो.

तेव्हा बडोदा शहराला फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो फायदा कालव्याकाठच्या विहिरीपर्यंत पोहोचला, असं म्हणता येणार नाही. म्हणून नाणार-बारसूच्या रिफायनरीच्या वादात कोकणानं ‘रोजगार किती’ एवढंच विचारून थांबू नये. पक्क्या नोकऱ्या किती आणि ठेक्यावरच्या किती? जोडधंद्यांसाठी जागा आणि शिक्षण कुठं? पंचायतीला कर कोणता? सांडपाणी कोणत्या गावावरून जाणार आणि तिथल्या विहिरींची तपासणी कोण करणार? उत्तरं गावनिहाय, लेखी आणि जमीन देण्याआधी मिळायला हवीत. बेरीज जिल्ह्याची मांडली की तोट्यातली गावं तिच्यात बुडून जातात.